काळ्या दगडातलं होकायंत्र

लातूरकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंतीत, शेताच्या बांधावर जो काळा दगड दिसतो ना, आज त्याच्याबद्दल बोलू. हा बेसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं.

वय कळतं कसं? दगडात थोडं पोटॅशियम असतं. त्यातला किरणोत्सारी भाग ठरलेल्या गतीनं बदलत जातो आणि आर्गॉन वायू तयार होतो. लाव्हा पातळ असेपर्यंत वायू निसटतो. दगड झाला की आत अडकतो. साठलेला आर्गॉन मोजला की वय निघतं.

त्याच दगडात मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. थंड होताना ते त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतात. मोकळी चुंबकसुई विषुववृत्ताजवळ जवळपास आडवी राहते, ध्रुवाकडे जाल तशी कलत जाते. म्हणून दगडातला कोन मोजला की तो कुठल्या अक्षांशावर थिजला ते समजतं.

१९५० च्या दशकात लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या क्लेग यांच्या गटानं आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे वगैरे मंडळींनी दख्खनच्या दगडांवर हे काम केलं. उत्तर आलं: तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण ३० अंशांवर होती! लातूर आज १८ अंश उत्तरेला आहे. म्हणजे पाच हजार किलोमीटरांचा प्रवास. खंड सरकतात हे तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांना पटत नव्हतं. आपला काळा दगड त्यांच्यापुढे साक्षीला उभा राहिला.

नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे हा काळा थर संपतो आणि कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. किल्लारीला तोच जुना पाया सुमारे ३४० मीटर बेसाल्टखाली आहे. भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमधून ते कळलं.

हो, भूकंप. प्रवास थांबलेला नाही. भारत अजूनही आशियाला रेटतोय आणि तो ताण आपल्या जमिनीतही साठतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत तो मोकळा झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली, बहुतेक स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली. हाच काळा दगड, नुसत्या मातीत रचलेला.

जमीन सरकणं आपल्या हातात नाही. भिंत कशी बांधायची, ते आहे. मला तरी या दगडाची ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.