पुकारलेले पैसे, आलेले पैसे

कबड्डीला लागतं काय? मोकळी जागा आणि छातीत दम. आम्हा शेळगावच्या पोरांना असंच वाटायचं. ते खरं नव्हतं, हे तात्यांच्या वहीनं शिकवलं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. तात्या आमच्या मंडळाचे खजिनदार. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आमच्याकडचा ऊस, त्यामुळं वर्गणीही उसाच्या चालीनंच चालायची. कारखान्याचं बिल निघालं की माणसाचा हात सैल, एरवी "बघू की पुढच्या महिन्यात." वहीत डावीकडं जमा, उजवीकडं खर्च: फक्की, बनियन, टेम्पोचं भाडं, पंचांचं जेवण. चार आण्याचं लिंबूसुद्धा सुटायचं नाही.

एका वर्षी आम्ही स्पर्धा भरवली. भोंग्यावरून देणग्या पुकारल्या, दर आकड्याला टाळ्या पडल्या. त्या पुकारलेल्या बेरजेवरच बक्षिसं जाहीर झाली आणि शेवटच्या रात्री रोख वाटलीही. महिन्यानं पाहतो तर देणग्या निम्म्याच आलेल्या. मग बक्षिसांना पैसा आला कुठनं? पारावर कुजबूज सुरू झाली. त्यात मीही होतो, हे कबूल करतो.

तात्यांनी मारुतीच्या देवळात वही मोठ्यानं वाचली. जमेच्या बाजूला शेवटची नोंद होती, 'हातउसने'. कुणाचे, ते लिहिलं नव्हतं. काकूंनी नंतर सांगितलं, दावणीची दुभती म्हैस विकली होती.

शाळेतल्या गुरुजींनी तेव्हा आम्हाला खाशाबा जाधवांची हकीगत सांगितली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला त्यांच्याकडं पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण गुरुजींनी भर दिला तो पुढच्या गोष्टीवर. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि ते कर्ज फेडलं.

आम्ही समजायचं ते समजलो. सगळा संघ सुट्टीच्या दिवशी उसाच्या लागणीला जाऊ लागला. मजुरी थेट तात्यांच्या हातात. दोन हंगाम गेले, तेव्हा त्या नोंदीवर तात्यांनी आडवी रेघ ओढली.

तेव्हापासून मंडळात एक नेम पडला: पैसा पेटीत पडल्याशिवाय भोंग्यावर आकडा पुकारायचा नाही.

पैसे फिटले. काकूंची ती म्हैस मात्र परत आली नाही.