कंबरदुखी, संशय आणि वॅडेलच्या पाच खुणा

सध्या मुक्काम बेंगळुरूत, बेळ्ळंदूर तलावाच्या अंगाला. फेसाळणारा आणि पेट घेणारा म्हणून पेपरात गाजलेला तो हाच तलाव. जानेवारी २०१८ मध्ये काठचं गवत पेटलं, तेव्हा एएससी सेंटरचे हजारो जवान आग विझवायला उतरले होते. पलीकडे आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती. तिकडे खुर्चीने कंबर धरते, इकडे पिठ्ठूने. फरक एवढाच, की तिकडे कंबर दुखली तर फिजिओकडे पाठवतात. आपल्याकडे सिक रिपोर्टला नाव घातलं की आधी लाइनीत कुजबुज सुरू होते, ‘नाटक करतोय.’

हा संशय जुना आहे. १९१४ च्या ऑक्टोबरात हिंदी पलटणी फ्रान्सच्या चिखलात उतरल्या. २८ ऑक्टोबरला न्यू शापेलच्या हल्ल्यात आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या अक्षरशः कापल्या गेल्या. त्याच काळात हाताला गोळी लागलेले हिंदी शिपाई दवाखान्यांत येऊ लागले, आणि त्यांनी स्वतःच गोळी मारून घेतली असा बोभाटा झाला. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १९१५ मध्ये १,००० जखमा एकेक करून तपासल्या. स्वतःला इजा करून घेण्याची साथ असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. खंदकात डोकं झाकलेलं असतं, हात वर जातो. शिपायाला हे सांगावं लागत नाही.

पण जखम दिसते तरी. कंबरेचं काय करायचं? झोपवून पाय सरळ उचलायची जी तपासणी आपण सगळ्यांनी एमआय रूममध्ये सोसली आहे, ती लासेग या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने चालते. ती लिहून काढली त्याचा शिष्य फोर्स्ट याने, १८८१ मध्ये. त्याच्या वर्षभर आधी सर्बियाच्या लाझा लाझारेविचने तीच मांडली होती. हा गडी लष्करात डॉक्टरी केलेला आणि वर कथालेखक! सर्बियन भाषेत लिहिलं म्हणून नाव मागे पडलं. (आपण मराठीत लिहिणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

१९८० मध्ये ग्लासगोचे अस्थिरोगतज्ज्ञ गॉर्डन वॅडेल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन व उत्तर अमेरिकेतल्या ३५० रुग्णांवरून पाच प्रकारच्या खुणा ठरवल्या. कातडीला नुसता चिमटा घेतला तरी पाठभर कळ येणं. डोक्यावर हलका दाब दिला, किंवा खांदे आणि कंबर एकत्र वळवली, तरी कंबर दुखणं. खरं तर अशा वळण्याने मणक्याला पीळ पडतच नाही. झोपून पाय उचलला तर ओरडणं, पण बसवून बोलण्याच्या ओघात तोच पाय सरळ केला तर काहीच नाही. एका नसेच्या हद्दीत न बसणारा, अख्ख्या पायाचा बधिरपणा. आणि तपासताना अतोनात कण्हणं, थरथरणं. यातली एखादी दिसली तर सोडून द्यायची. तीन किंवा जास्त प्रकार जुळले तर अर्थ घ्यायचा.

कोणता अर्थ? घोडं पेंड खातं ते इथेच. वॅडेलना लबाड पकडायचे नव्हते. ऑपरेशनने ज्यांचं भलं होणार नाही, ज्यांच्या दुखण्यात भीती, ताण, खचलेपण मिसळलं आहे, ते सुरी लावण्याआधी ओळखायचे होते. वापर मात्र भलताच झाला. विमा आणि भरपाईच्या दाव्यांत या खुणा खोटारडेपणाचा दाखला म्हणून फिरू लागल्या. शेवटी १९९८ मध्ये मेन आणि वॅडेल यांना पुन्हा लेख लिहावा लागला, की या खुणांवरून माणूस ढोंगी ठरत नाही आणि खरा आजार नाही असंही ठरत नाही.

आमच्या ओळखीच्या एका हवालदाराच्या कागदावर फक्त ‘५ पैकी ४’ असा शेरा होता. पुढे काय करायचं, एक ओळ नाही. लो मेडिकल कॅटेगरी, अडकलेलं प्रमोशन, गावाकडे आजारी बाप. हे सगळं त्या चार खुणांत कुठे तरी होतंच. विचारलं कोणी नाही. माझ्या मते शेरा चुकीचा नव्हता, अर्धवट होता.

एक मात्र माजी सैनिकांनी ध्यानात ठेवावं: कंबरदुखीबरोबर बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, तर या खुणांचा हिशोब करत बसू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावं.

जय हिंद.