पोती, कॉइल, पंप: जमिनीलगत चालणाऱ्या गाडीची कुळकथा

गाडी खाली आणायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे डिकीत वाळूची पोती टाकणं. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमधली पोरं हेच करत. वाळू नसली तर सिमेंटची पोती, तीही नसली तर विटा. मागच्या कमानी दबत, बंपर रस्त्याजवळ येई, नाक जरासं वर राही आणि जुनी शेवरले व्हिटियर बुलेव्हार्डवरून रमतगमत निघे. मिरवून झालं की पोती उतरवायची, कारण दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं कामावर जायचं असे.

‘लोरायडर’ म्हणून आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांचं कूळ या पोत्यांपाशी सुरू होतं. पुढे त्यात स्प्रिंगा कापणारे आले, पोलिसांची पावती आली, लढाऊ विमानांचे पंप आले. गाडी खाली आणणं तसं कधीच अवघड नव्हतं. खाली आणलेली गाडी हवी तेव्हा वर कशी घ्यायची, हा खरा पेच होता. तो आधी खिशानं घातला आणि मग कायद्यानं. तंत्र वाढलं ते या पेचातून.

युद्धातून परतलेल्या तरुणांपैकी अनेकांच्या गाठीला लष्करातला थोडा पगार होता आणि हातात तिथंच शिकलेलं मोटारदुरुस्तीचं काम. नवी गाडी परवडत नव्हती. गोऱ्या पोरांच्या हॉट रॉडसाठी १९३२ची आणि नंतरची व्ही-८ इंजिनाची फोर्ड मागणीत होती. ती मंडळी गाडीतलं वजन काढत, इंजिन फुगवत आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर वेग मोजत. सहा सिलिंडरची जुनी शेवरले वेगाला बेताची, पण अंगानं गोलाईदार आणि प्रशस्त. तीत सगळं घर बसे. मेक्सिकन वस्त्यांनी ती उचलली आणि शर्यतीचा नादच सोडला. त्यांचं ब्रीद ‘बाहितो इ सुआवेसितो’, म्हणजे खाली आणि सावकाश. वेगात जाणारी गाडी क्षणभर दिसते. सावकाश जाणारी सगळा रस्ता पाहतो आणि आत कोण बसलंय तेही पाहतो.

या सावकाशीला जुनं मूळ आहे. मेक्सिकोच्या गावांत संध्याकाळी तरुण-तरुणी चौकाभोवती फेऱ्या मारत. त्या रिवाजाला पासेओ म्हणतात. बुलेव्हार्डवरच्या फेऱ्या हा पासेओच, फक्त चाकांवरचा. दुसरा धागा कपड्यांचा. चाळीसच्या दशकात पाचुको म्हणवणारे तरुण ऐसपैस कोट आणि ढगळ विजारींचा झूट सूट घालत. १९४२मध्ये युद्धामुळे कापडावर निर्बंध आले, तेव्हा हा पोशाख देशद्रोहाचं लक्षण ठरवला गेला. जून १९४३मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नौसैनिकांच्या टोळ्यांनी या पोरांना गाठून मारलं आणि त्यांचे कपडे फाडले. त्यानंतरही थाट मिटला नाही. तो अंगावरून पत्र्यावर उतरला.

आता लोखंडाकडे येऊ. पोत्यांची अडचण उघड होती: डिकी भरून जाई, पेट्रोल जास्त लागे आणि फक्त मागची बाजू खाली येई. कायमचं काही करायचं तर त्या काळच्या शेवरलेच्या दोन टोकांना दोन वेगळे उपाय लागत, कारण मागे पाट्यांची कमान होती आणि पुढे कॉइल स्प्रिंग.

मागचं काम सोपं. कमान ॲक्सलला यू-बोल्टांनी आवळलेली असते. ते सैल करायचे, ॲक्सल आणि कमानीच्या मध्ये लोखंडाचा ठोकळा ठेवायचा आणि लांब यू-बोल्टांनी पुन्हा आवळायचं. दोन इंचांचा ठोकळा म्हणजे गाडी दोन इंच खाली. स्प्रिंगच्या ताकदीला धक्का लागत नाही, आणि ठोकळा काढला की गाडी पहिल्यासारखी. दुसरा मार्ग कमानीतले एक-दोन पाटे काढून टाकण्याचा. आपल्याकडे जास्त माल लादायचा म्हणून ट्रकला जादा पाटे चढवतात; इथे नेमकं उलट. गाडी खाली येते, पण पाटा गेला की ताकदही जाते, आणि मागे चार माणसं बसली की ॲक्सल चासीवर आदळू लागतो.

पुढच्या कॉइलवर दोन प्रयोग चालत आणि दोन्ही जवळपास फुकटात होत. पहिला बत्तीचा. गाडीखाली शिरून गॅसच्या ज्योतीनं कॉइल लालबुंद करायची. गाडीच्याच वजनानं ती बसू लागते. हवी तेवढी बसली की ज्योत बाजूला. पण स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं आणि मग मोजक्या उष्णतेवर त्याचा कडकपणा बेतलेला असतो. तांबडं होईपर्यंत तापवलं की तो सगळा हिशेब मोडतो. तापवलेला भाग मऊ पडतो, गाडी पुढेही हळूहळू बसत राहते, आणि डावी-उजवी बाजू सारखी बसेल याची खात्री नसते.

दुसरा प्रयोग कापण्याचा, आणि कमी पैशांत गाडी बसवू पाहणारे तो आजही करतात. कॉइल बाहेर काढायची आणि एखादा वेढा कापून टाकायचा. बत्तीपेक्षा हे बरं, पण याचं गणित अनेकांना उलटं वाटतं. वेढा कमी झाला की स्प्रिंग नरम होत नाही, कडक होते. वजन पडल्यावर प्रत्येक वेढा थोडाथोडा पिळवटतो आणि त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे स्प्रिंगचं दबणं. भार घेणाऱ्या आठ वेढ्यांतला एक गेला तर उरलेल्या सातांची स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते. हा कडकपणा थोडा कामीही येतो, कारण खाली आलेल्या गाडीला दबायला जागाच कमी उरते. पण दोन वेढे काढले की खड्ड्यात चाक सरळ रबरी बंप स्टॉपवर आदळतं, शॉकॲब्सॉर्बर आपल्या चालीच्या तळाशी काम करू लागतो आणि चाकांचा कोन बदलल्यानं टायर एका कडेला झिजतात. स्प्रिंगचं टोक बैठकीत बसेल असं घडवलेलं असेल तर कापलेलं टोक तिथं नीट टेकत नाही. चाक हवेत लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून सुटूही शकते. शिवाय पोतं उतरवता येतं, ठोकळा काढता येतो. कापलेला वेढा परत लावता येत नाही.

आणि मग कायद्यानं नेमकं हेच मागितलं: गाडी परत वर घेणं.

१ जानेवारी १९५८पासून कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत कलम २४००८ लागू झालं. चाकं सोडून गाडीचा कुठलाही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये, असं ते सांगे. यामागे तांत्रिक तर्क होता: टायर फुटून गाडी रिमवर आली तरी तिचा कोणताही भाग रस्त्याला घासू नये. पण रस्त्यावर त्याचा अर्थ वेगळा निघाला. पोलिसांच्या हाती मोजता येणारी एक रेषा आली, आणि त्या रेषेखाली सापडत त्या मुख्यतः एकाच समाजाच्या गाड्या. ज्याची स्प्रिंग कापलेली, त्याच्या हातात पावती. रस्त्यावर उभ्या उभ्या गाडी वर घेण्याचा उपाय त्याच्याकडे नव्हता.

तो उपाय शोधला रॉन अगिरे यानं, १९५९मध्ये. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सॅन बर्नार्डिनोच्या बाजूचा हा तरुण आपल्या १९५६च्या कॉर्व्हेटला रूप देत होता. ती पुढे ‘एक्स-सॉनिक’ नावानं गाजली. खाली बसवलेल्या गाडीबद्दल त्याला पावत्या मिळत होत्या. त्यानं आणि त्याच्या वडिलांनी पेस्को कंपनीचे हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह गाडीत बसवले. हे पंप मुळात विमानांसाठी केलेले. युद्ध संपल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियात, जिथं विमानांचे कारखानेच कारखाने होते, असलं लष्करी सामान मोडीच्या भावात मिळे. अगिरेच्या गाडीत बटण दाबलं की नाक वर, सोडलं की खाली. पोलिसाची गाडी दिसली की कायदेशीर उंची, ती वळली की पुन्हा जमिनीलगत.

याच सुमारास फ्रान्समध्ये सिट्रोएननं १९५५च्या डीएस मोटारीत तेल आणि दाबलेला वायू यांच्यावर चालणारं सस्पेन्शन दिलं होतं आणि तिचीही उंची बदलता येई. पण त्यामागे कारखान्याचे अभियंते आणि भांडवल होतं, आणि हेतू भार कितीही असो, गाडी एका पातळीत राहावी हा. अगिरेचा हेतू पावती चुकवण्याचा होता आणि सामान भंगारातलं.

ही यंत्रणा समजायला सोपी आहे. स्प्रिंगच्या डोक्यावर एक सिलिंडर बसतो. पंप त्यात तेल ढकलतो, सिलिंडरचा दांडा बाहेर येतो आणि चासी चाकांपासून दूर, म्हणजे वर उचलली जाते. खाली यायला पंप लागत नाही. झडप उघडली की गाडीचं वजनच तेल टाकीत परत ढकलतं. वर जायला मात्र वीज भरपूर लागते. विमानाची विद्युतव्यवस्था २४ ते २८ व्होल्टची, मोटारीची १२ची, म्हणून पंपाला जोर मिळावा यासाठी बॅटऱ्या एकामागे एक जोडाव्या लागल्या. त्या ठेवायच्या कुठे? डिकीत. पोत्यांपासून सुटका झाली आणि तिथं शिशाच्या बॅटऱ्या आल्या. मागचं वजन काही कमी झालं नाही.

या तंत्राला जोडीदार मिळाली ती शेवरले इंपाला. १९५८च्या इंपालात चारही चाकांना कॉइल आल्या, त्यामुळे सिलिंडर चारही कोपऱ्यांत बसवता आले. मधोमध अरुंद होणारी तिची इंग्रजी ‘एक्स’ आकाराची चासी १९६४पर्यंत टिकली आणि त्या सात वर्षांतल्या इंपाला लोरायडरवाल्यांच्या लाडक्या झाल्या. विमानांचे पंप संपत आले तसे मालट्रकच्या मागच्या उचलफळीचे पंप वापरात आले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पुरेशा बॅटऱ्या जोडल्या तर गाडी नुसती वर जात नाही, उडी मारते. पुढची चाकं जमिनीपासून किती वर जातात याच्या स्पर्धा लागल्या. पावती चुकवायला आलेलं यंत्र नाचू लागलं, आणि कायद्याचा त्याच्याशी काही संबंध उरला नाही.

सत्तरच्या दशकात रस्त्यानं जिंकलेलं कागदावर आलं. १९७७मध्ये सॅन होझेच्या काही विद्यार्थ्यांनी ‘लो रायडर’ मासिक काढलं. जेसी वालाडेझ याच्या गुलाबी रंगाच्या, गुलाबफुलं रंगवलेल्या १९६४च्या इंपालाला, ‘जिप्सी रोझ’ला, दूरचित्रवाणी मालिकेत जागा मिळाली आणि २०१७मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचं नाव गेलं. न्यू मेक्सिकोतल्या चिमायो गावची ‘डेव्हज ड्रीम’ नावाची १९६९ची फोर्ड एलटीडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानं घेतली.

संग्रहालयात सत्कार आणि रस्त्यावर बंदी, हा दुटप्पीपणा मात्र चालू राहिला. कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्यानं शहरांना बुलेव्हार्डवर होत तशा फेऱ्यांवर बंदी घालायची मुभा दिली. सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीनं १९९२मध्ये तशी बंदी घातली आणि २०२३मध्ये ती उठवली. त्याच वर्षी विधानसभा सदस्य डेव्हिड अल्वारेझ यांनी मांडलेला कायदा राज्यात मंजूर झाला. १ जानेवारी २०२४पासून शहरांचा तो अधिकार गेला आणि कलम २४००८मधली प्रवासी मोटारींवरची उंचीची अटही गेली. ६६ वर्षांची पावती रद्द झाली.

कायद्यानं घातलेला पेच असा सुटला. खिशानं घातलेला सुटलेला नाही. पंप, सिलिंडर, बॅटऱ्या, रंगकाम हे सगळं आज इतकं महाग झालंय की नव्या पोराला ते पेलत नाही. भंगारातून सुरू झालेली ही कला पैसेवाल्या संग्राहकांकडेही पोचली आहे. बटण परवडत नाही तो आजही कॉइल आणि कटर घेऊन बसतो. त्यानं या कुळातून एवढं घ्यावं: मागच्या कमानीला ठोकळा लावावा, पुढच्या चाकांना गाडीच्या वजनाला साजेशी तयार आखूड स्प्रिंग मिळेपर्यंत थांबावं. पोतं, ठोकळा, पंप: या कुळातले भले उपाय सगळे गाडी परत वर आणू देणारे होते.