लेझँव्हालिद : जखमी शिपायांचे घर, सम्राटाची समाधी

१/ पॅरिसमधील लेझँव्हालिदचा सोनेरी घुमट दुरूनच नजरेत भरतो. बहुतेक प्रवासी आत शिरताच नेपोलियनच्या समाधीकडे वळतात. परंतु ही वास्तू त्याच्या जन्मापूर्वी सुमारे शंभर वर्षे उभी राहू लागली होती आणि तिच्या नावाचा अर्थ ‘अपंग’ असा आहे.

२/ सतराव्या शतकात युद्धात हातपाय गमावलेल्या फ्रेंच शिपायाला मठाचा आश्रय किंवा रस्त्यावरची भीक, एवढेच उरत असे. १६७० साली चौदाव्या लुईने अशा सैनिकांसाठी निवासस्थान बांधण्याची आज्ञा काढली. १६७४ मध्ये पहिले रहिवासी आले. यात करुणा होती, तसा हिशेबही होता. सतत युद्धे करणाऱ्या राजाला नवे शिपाई हवे होते आणि भीक मागणारा माजी सैनिक ही भरतीची चांगली जाहिरात नव्हे.

३/ आत निवारा होता आणि कडक शिस्तही. रहिवासी जोडे शिवत, भित्तिपट विणत. चर्च एकच, पण राजाचा प्रवेश घुमटाच्या बाजूने आणि शिपायांचा अंगणाच्या बाजूने.

४/ १४ जुलै १७८९. सकाळी जमावाने येथूनच सुमारे ३०,००० बंदुका नेल्या. दारू मात्र बास्तीय किल्ल्यात होती, म्हणून जमाव तिकडे वळला. त्याआधी बंदुका निकामी करण्याचे काम येथील वृद्ध सैनिकांवर सोपवले होते. सेनाधिकारी बेसाँव्हालच्या आठवणींनुसार सहा तासांत त्यांनी जेमतेम वीस बंदुका हाताळल्या. राजाचे अन्न खाणाऱ्यांची सहानुभूती कोठे होती, हे त्या संथपणातून दिसते.

५/ मार्च १८१४ मध्ये शत्रू पॅरिसच्या वेशीवर येताच, जिंकून आणलेली शेकडो निशाणे येथील अंगणात जाळण्यात आली. विजयाची स्मारके शत्रूला परत मिळू नयेत, हा हेतू.

६/ १८२१ साली सेंट हेलेना बेटावर वारलेल्या नेपोलियनचे अवशेष डिसेंबर १८४० मध्ये येथे आणले गेले. लाल दगडाची भव्य समाधी पूर्ण व्हायला १८६१ साल उजाडले.

७/ समाधीभोवतीच्या फरशीवर रिव्होली, मारेंगो, ऑस्टरलिट्झ अशा लढायांची नावे कोरली आहेत. वॉटर्लूचे नाव तेथे नाही. स्मारक वाचताना कोरलेल्या अक्षरांइतकीच गाळलेली अक्षरेही वाचावी लागतात.

८/ १९०५ मध्ये दोन जुने संग्रह एकत्र करून येथे सेना संग्रहालय स्थापन झाले. चिलखते, तोफा, गणवेश यांची दालने पाहताना वेळ कसा जातो, कळत नाही.

९/ या संकुलात युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांवर आजही उपचार होतात. काही जण तेथेच राहतात. सम्राटाच्या समाधीपुढे गर्दी असते. पण साडेतीन शतके अखंड चालू राहिलेले कार्य त्या भिंतींपलीकडच्या खोल्यांत आहे आणि ही वास्तू मुळात त्यासाठीच बांधली गेली होती.

(समाप्त)