पदपथावर आखलेला पोटमाळा

१९८५ साली ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात गणला. पदपथावरच्या झोपड्या हटवण्याची मुभा मात्र पालिकेला राहिली. १९८६ मध्ये भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रिया ‘महिला मिलन’ म्हणून संघटित झाल्या आणि, डोक्यावर छप्पर टिकण्याची खात्री नसताना, साड्यांनी मोजमाप करून घराचा नमुना आखू लागल्या. त्यांनी उंची धरली चौदा फूट, म्हणजे पोटमाळा निघतो. एका खोलीत दोन पिढ्यांना आडोसा मिळतो. दळवींच्या ‘चक्र’वर (१९६३) आपण तास घेतो, हा आराखडा मात्र आपल्याला वाङ्मयबाह्य वाटतो! १९९५च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत बिल्डरला वाढीव चटईक्षेत्र मिळाले, झोपडीधारकाला २२५ चौरस फूट. पोटमाळ्याचा हिशेब त्यात नव्हता.