मिरजेला दवाखान्यांचं गाव कुणी केलं?

पंढरपूरकडची असो की बेळगावकडची, मिरज जंक्शनला गाडी लागली की त्यातून एक्स-रेचं मोठं पाकीट काखेत धरलेली माणसं उतरतात. लहानपणापासून बघतोय. कुणी मराठी बोलतं, कुणी कानडी, प्रश्न मात्र एकच: अमक्या डॉक्टरांचा दवाखाना कुठं आला? एवढ्याशा गावात इतके दवाखाने का, हे आपल्याच पोरांना सांगता येत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

सुरुवात डॉ. विल्यम वानलेस यांच्यापासून. जन्म कॅनडातला. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये ते भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू झालं. आपण आजही त्याला 'मिशन' म्हणतो. तोवर रेल्वे आलेली होती, १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटाही मिरजेला जोडला गेला होता. माझं तर म्हणणं आहे की मिरजेचं हे नशीब निम्मं डॉक्टरांनी लिहिलं आणि निम्मं रुळांनी. डॉक्टर कितीही हुशार असला तरी पेशंटला त्याच्या दारापर्यंत पोचता आलं पाहिजे ना!

पण वानलेस नुसती ऑपरेशनं करत बसले नाहीत, त्यांनी इथल्या मुलांना वैद्यकी शिकवायला घेतली. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. दवाखाना एका माणसाबरोबर संपू शकतो, शिकवलेली माणसं गावोगाव पसरतात. क्षयरोग्यांसाठी वेगळं आरोग्यधाम झालं, त्या भागाला आपण वानलेसवाडी म्हणतो. कुष्ठरोग्यांसाठीही वेगळं रुग्णालय झालं. म्हणजे 'स्पेशालिस्ट' हा शब्द आपल्या तोंडी बसायच्या आधीच मिरजेत आजाराप्रमाणे वेगळी दारं उघडली होती. १९२८ मध्ये वानलेसना 'सर' किताब मिळाला, १९३३ मध्ये ते गेले. पुढे १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं. हाडांच्या शस्त्रक्रियेत डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी मिरजेचं नाव देशभर नेलं.

आता अडचण वेगळीच आहे. पूर्वी लांबून येणाऱ्याला एक दार ठाऊक असायचं, 'मिशन'चं. आज पाट्याच इतक्या की माणूस गोंधळतो आणि "चला, चांगला डॉक्टर दाखवतो" म्हणणाऱ्याच्या मागं जातो. त्या दाखवणाऱ्याला काय मिळतं, हे मी सांगायला नको.

म्हणून बाहेरगावच्या पाहुण्यांना एवढं तरी सांगा. नेमका आजार कळला नसेल तर आधी मिरजेच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा सांगलीच्या सिव्हिलला ओपीडीत केसपेपर काढा. तिथं सगळे विभाग एकाच आवारात आहेत, पुढं कुठं जायचं ते तिथलेच डॉक्टर सांगतील. खासगीत जायचंच असेल तर अॅडमिट व्हायच्या आधी महात्मा फुले जनआरोग्य योजना इथं चालते का, हे विचारा. चालत असेल तर आरोग्यमित्राचं टेबल असतंच. रेशनकार्ड आणि आधार गावाकडं ठेवून येऊ नका, नाहीतर हेलपाटा.

आणखी एक, फार जणांना हे माहीतच नसतं. मोठं रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर तिथल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून ही योजना लागू आहे. जिवावर बेतलेला पेशंट आला तर आधी दाखल करून घ्यायचं, हेही त्यातच आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा आणि काउंटरवर न भांडता तिथल्या समाजसेवकांना भेटा. नाहीच दाद लागली तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते, पोच घ्यायला विसरू नका.

आणि हो, कुणाच्या ट्रंकेत आजोबांच्या काळचा 'मिशन'चा केसपेपर असेल तर मला एकदा बघायला द्या. जपून परत करीन.