वृक्षछाटणी (निवासी परिसर)

वृक्षछाटणी म्हणजे उभ्या वृक्षाच्या मृत, रोगट, धोकादायक किंवा अडचणीच्या फांद्या योग्य जागी कापून काढण्याची क्रिया होय. बंगल्याचे आवार, वाड्याचे परसू किंवा गृहनिर्माण संस्थेचे अंगण अशा ठिकाणी अनेक वर्षे न राखलेले वृक्ष भिंतींवर, छपरांवर आणि वीजवाहिन्यांवर वाढतात, तेव्हा छाटणीची गरज भासते. वृक्ष मुळापासून तोडणे म्हणजे वृक्षतोड. छाटणीत वृक्ष जिवंत ठेवणे अभिप्रेत असते. व्यवहारात मात्र ही सीमारेषा पुष्कळदा पुसली जाते आणि छाटणीच्या नावाखाली वृक्ष बोडका केला जातो.

शास्त्रीय आधार

प्राण्याच्या जखमेत नवी ऊती तयार होऊन जखम भरून येते. वृक्षाचे तसे नसते. कापलेले लाकूड पुन्हा सजीव होत नाही. वृक्ष त्या भागाभोवती रासायनिक व भौतिक अडसर उभे करून कुज आतच रोखतो आणि कडेने वाढणाऱ्या नव्या लाकडाने जखम झाकून टाकतो. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ अॅलेक्स शिगो (१९३०–२००६) यांनी हजारो खोडे उभी चिरून ही प्रक्रिया अभ्यासली व १९७७ मध्ये तिची मांडणी केली. त्यापूर्वी फांदी खोडाशी अगदी सपाट कापणे हीच उत्तम पद्धत मानली जात असे. शिगो यांच्या कामामुळे ती चुकीची ठरली.

फांदी खोडाला जेथे मिळते तेथे सालीचे किंचित फुगीर कडे दिसते. जखम बंद करणारी ऊती याच भागात असल्याने काप या कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा लागतो. सपाट कापल्यास कडेच नष्ट होऊन कुज खोडात शिरते. लांब खुंट सोडल्यास तो वाळतो आणि त्यातून बुरशी आत जाते. कापलेल्या जागी डांबर किंवा तैलरंग फासण्याची प्रथा आजही आढळते, परंतु त्यामुळे कुज थांबत नाही. फळबागांत बोर्डो पेस्ट लावतात, ती बुरशीनाशक म्हणून.

पद्धत

जड फांदी एकाच कापात वरून कापली, तर ती तुटताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून तीन काप घेतले जातात. पहिला काप खोडापासून सुमारे ३० सेंमी अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत असतो. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे वरून घेतल्यावर फांदीचे वजन उतरते. उरलेला हलका खुंट तिसऱ्या कापाने कड्याबाहेर काढतात. बारीक फांद्यांसाठी सिकेटर आणि जाड फांद्यांसाठी करवत योग्य. कोयता व कुऱ्हाड यांनी लाकूड पिंजते.

एका वर्षात हिरव्या पर्णसंभाराच्या सुमारे एक चतुर्थांशाहून अधिक भाग काढू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. वृद्ध वृक्षाच्या बाबतीत त्याहूनही कमी. त्यामुळे दहा वर्षे दुर्लक्षित राहिलेला वृक्ष एका दिवसात आटोक्यात आणता येत नाही; ते काम दोन-तीन वर्षांत विभागावे लागते. प्रथम वाळलेल्या, नंतर एकमेकींवर घासणाऱ्या आणि शेवटी छपराकडे झुकलेल्या फांद्या, असा क्रम ठेवला जातो. वीजवाहिनीलगतचे काम वीजपुरवठा बंद केल्याशिवाय करू नये. आंब्यावरचे बांडगूळ नुसते खुडल्यास पुन्हा फुटते, म्हणून ते ज्या फांदीत रुतलेले असते ती फांदी त्याच्या खालून कापतात.

शेंडा तोडणे

पावसाळ्यापूर्वी वृक्षाचा सारा माथा उडवणे हा सर्वाधिक आढळणारा आणि सर्वाधिक हानिकारक प्रकार आहे. पाने गेल्याने अन्ननिर्मिती खुंटते, आजवर सावलीत असलेली साल उन्हाने भाजते आणि सुप्त कळ्यांतून पाणसोटांचे झुबके फुटतात. हे फुटवे झपाट्याने वाढतात, पण मूळ फांदीसारखे लाकडात खोलवर रुजलेले नसतात. खाली कुजणारा खुंट आणि वर जड होत जाणारे पाणसोट, अशा अवस्थेत काही वर्षांनी वादळी वाऱ्यात तेच तुटून पडतात. सुरक्षिततेसाठी केलेली छाटणी अशा रीतीने नवा धोका निर्माण करते. ठिसूळ लाकडाच्या गुलमोहरात हे विशेष दिसते. समूळ उन्मळणाऱ्या वृक्षांचे कारण मात्र बहुधा माथ्यात नसून गटारे व पदपथ बांधताना तोडलेल्या मुळांत असते.

काही अपवाद आहेत. शेवगा जमिनीपासून सुमारे एक मीटरवर कापला तरी जोमाने फुटतो. कोकणात जुन्या, दाट झालेल्या आंब्याच्या बागांचे पुनरुज्जीवन करताना मधल्या फांद्या काढून उंची कमी केली जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने या पद्धतीचा प्रसार केला आहे. तेथे पुढची काही वर्षे फुटव्यांची विरळणी आणि खोडकिड्यावर लक्ष ठेवणे हा पद्धतीचाच भाग असतो. उलट नारळ, सुपारी व ताड यांना एकच वाढबिंदू असतो. त्यांचा शेंडा कापला की झाड मरते. वाळलेल्या झावळ्या आणि फळे उतरवणे एवढीच त्यांची छाटणी.

काळ

मृत फांदी केव्हाही काढता येते. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर, तर फुलझाडांची बहर ओसरल्यावर करतात. एप्रिल-मे महिन्यांत छाटलेला गुलमोहर त्या वर्षीच्या फुलांना मुकतो. बगळे व ढोकरी यांच्या वसाहती पावसाळ्याच्या सुमारास गजबजतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या घरट्यांची व अंड्यांची नासधूस शिकारीच्या व्याख्येत येते.

कायदेशीर तरतुदी

महाराष्ट्रातील नागरी भागांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यातील 'झाड तोडणे' या संज्ञेत झाड जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा पोहोचवणे यांचाही समावेश होतो. म्हणूनच खासगी आवारातील वृक्षाच्या छाटणीसाठीही महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करण्याची पद्धत आहे. निर्णयाचे अधिकार वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी यांच्याकडे असतात. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. गोव्यात याच विषयावर १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे.